मालकाची लघवी आडली तवा

माझं माहेर बिलोलीकडचं, लगीन होऊन उदगीरला आले, मालक मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल. काय सांगू तुम्हाला, त्यायला हात उचलायला निमित्त लागत नव्हतं, भाकर करपली तरी मार, न्हाई करपली तरी मार, हे कपाळावर बघा, उलथन्याची खूण हाय. ते ऱ्हाऊ द्या, लघवीचं सांगत होते.

मालकाची लघवी थांबून थांबून व्हायली म्हणून लातूरला नेलं. डॉक्टरीणबाईनं सुई घालून आतल्या गाठीचा तुकडा काढला, बायप्सी म्हणतेत. बाई मलाच म्हणली, मावशी, गोळ्या सगळ्या संपवायच्या, पाणी पीत ऱ्हायचं, लघवी दाबून धरायची न्हाई, ओझं न्हाई, दारू न्हाई. जरासं रगत दिसलं तर भ्यायचं न्हाई, पण लघवी आडली न्हाईतर थंडीताप आला तर हाय तसं उठून दवाखाना गाठायचा. मी हाव हाव म्हणले. घरी आल्यावर मालकानं गोळ्या मोरीत फेकल्या, मी वेचायला वाकले तर कमरेत लाथ घातली, आन् दुसऱ्या दिशी गेले पोती उचलायला, येताना पिऊन आले.

मग आडली. थेंब न्हाई. पोट मडक्यावानी टणक, मालक रेड्यावानी हंबरायले, भिताडावर डोकं आपटायले, पितळी, तांब्या, हाताला येईल ते माझ्यावर फेकायले. नणंद म्हणली पाणी पाजा, जोरानं सुटंल, तिनंच घटाघटा पाजलं, तर पोट आणखीन फुगलं. मी ऑटो आणला तर मालक दारात आडवे, तिथं नळी घालतेत, मी येत न्हाई, म्हणून माझा गळाच धरला. डोळ्यापुढं अंधारी आली बघा, आन् हाताला मुसळ लागलं. हाणलं त्यायच्या मांडीवर. पुन्हा हाणलं. जल्मात कधी अरेतुरे केलं न्हाई, त्या दिशी केलं.

मरायचं असंल तर माझ्या हातानं मर, न्हाईतर ऑटोत बस.

मालक बसले. दवाखान्यात नळी घातली तशी पिशवी लालभडक भरत गेली, आन् एवढा दांडगा माणूस माझा पदर धरून लेकरावानी रडला.

गाठ साधी निघाली, कॅन्सर न्हाई, देवाची किरपा. मांडी काळीनिळी झालती, तेल मीच चोळलं. माया हाय का म्हणाल तर मला सांगता येत न्हाई. शिव्या चालूच हायत, पण गोळी हातावर ठिवते आन् गिळंस्तोवर म्होरं उभी ऱ्हाते. तुमच्या घरी कुणाची अशी तपासणी असली तर त्याला सांगा बाबा, लाजू नका, आडली की उठा. सुखी ऱ्हावा, तुमच्या घरच्या बाईला मुसळ घ्यायची पाळी न येवो.