पुढच्या साथीसाठी

स्वाइन फ्लूचं वर्ष. त्याच तापानं आई गेली, त्याला पंधरवडाही झाला नव्हता. आता स्वतःला कणकण आली म्हणून रेवती हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात नंबर लावून बसली होती. शेजारी तांड्यावरचं जोडपं होतं, थावरा आणि रूपाबाई.

“डाक्टर म्हणले व्हते ना, सगळ्या गोळ्या संपवा?” थावरानं बायकोला विचारलं.

“ताप उतरला व्हता की तुमचा! भाकर मागून राहिले व्हते. बऱ्या माणसाला काहून औषध द्यायचं?”

“मंग उरलेल्या कुठं हायेत?”

“मिठाच्या बरणीमागं. पुढच्या साली साथ आली तर लेकरायला व्हतील. तवा कोण देतंय?”

“लई हुशार. अन् आता ही धाप कशाची?”

“बिडीची.”

“ताप आल्यापून... बिडी... वढली न्हाई.”

“मंग डुकराची. पन आपल्या तांड्यावर तर डुकरं न्हाईत.”

रूपाबाई रेवतीकडे वळली.

“ताई, तुमी शिकलेल्या दिसता. ह्यायचा ताप तर गेला. घरी नेऊ का?”

रेवती उठून दारापाशी गेली.

“सिस्टर, यांना धाप लागली आहे. आधी यांना घ्या.”

“तुमचे कोण लागतात?”

“आधी यांना घ्या.”