रुमालाआडून बघितलेला खडा

...आणि वर आमचे हे मलाच म्हणतात, ‘तुला बघायची गरजच काय होती?’ आता तुम्हीच सांगा, आपल्याच कपाटात, आपल्याच चादरींमागे कुणी बाटली ठेवून गेलं तर माणूस बघणार नाही? हात लावला नाही हं मी, नुसतं बघितलं.

त्याचं असं झालं, समोरच्या दारातली पोर प्रयोगशाळेत रेणू बनवते. म्हणजे आधी कागदावर काढते, मग बनवते. मला काढून दाखवलाय तिने, एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा, दुसऱ्या टोकाला ते ओढून घेणारा आणि मध्ये बिजागरी. उजेड पडला की बिजागरी वळते, पिवळ्याचा जांभळा होतो, अंधारात परत पिवळा. मी म्हटलं, अगं, हा तर आमचा संसार काढलास तू, देणारी मी, ओढणारे हे, आणि बिजागरी म्हणजे सासूबाई, उजेड दिसेल तिकडे वळणाऱ्या.

तर त्या रेणूचा खडा, म्हणजे स्फटिक, बाटलीतल्या द्रावणात वाढवायचा होता. तिच्या प्रयोगशाळेत पंप थरथरतात, घरी भिंतीला लागून लिफ्ट. म्हणून बाटली माझ्याकडे. ‘काकू, तीन आठवडे हलवायची नाही, उघडायची नाही, उजेड दाखवायचा नाही. उजेडात वळता वळता खडा तडकतो, आत्तापर्यंतचे सगळे तडकलेत. हाही तडकला तर सर म्हणतील, हा रेणू सोड. दोन वर्षं घातलीयत हो मी यात.’ म्हटलं, निर्धास्त जा.

आणि खरंच, हात लावला नाही हं मी, नुसतं बघितलं... पहिल्या दिवशी एकदा. मग रोज, दुपारच्या चहानंतर. मोबाइलची बॅटरी लावून, पण तिच्यावर रुमाल धरून, उजेड दाखवू नका म्हणाली होती ना? बघता बघता त्या पिवळ्या खड्यावर जांभळी झाक चढायची, की मी पटकन कपाट लावायची, दुसऱ्या दिवशी हा पुन्हा पिवळा, जसं काही झालंच नाही. नणंद आली, तिला दाखवला, जाऊ आली, तिला दाखवला, आता घरात एवढी नवलाची वस्तू असताना...

काल पोर न्यायला आली. गप्प बसले असते तर कळलंही नसतं, पण ती ‘काकू, तुमचे उपकार’ म्हणाली आणि मी चहाचा कप खाली ठेवला. सांगून टाकलं सगळं. ती आधी कपाटाकडेच धावली बिचारी. ‘किती वेळा बघितलंत?’ म्हटलं, ‘वीस... पाहुणे धरून तीस.’ तिने भिंग काढलं, बघतेय, बघतेय, दारात हे उभे, ‘मी सांगत होतो’ म्हणत...

‘काकू, एक तडा नाही याला. आम्ही लेझरचा झोत सोडतो, पाचव्या झोताला तडकतात. तुम्ही केलंत काय?’

‘रुमाल धरला.’

‘कुठला रुमाल?’

‘मंद उजेडात हळूहळू वळला, म्हणून टिकला,’ म्हणाली, आणि रुमालसुद्धा घेऊन गेली, मला मिठी मारून, डोळे पुसत.

आणि आज सकाळी दुसरी बाटली, वही, पेन आणि माझा तोच रुमाल घेऊन हजर. रोज बरोबर चार वाजता, एक मिनिट, रुमालाआडून बघायचं आणि रंग लिहून ठेवायचा. जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी स्वतःहून डोकावायला सांगितलंय, आणि तुम्हाला सांगते, चार कधीच वाजून गेले, कपाट तिथे, मी इथे तुमच्याशी बोलत बसलेय... बघावंसंच वाटेना.