सुईणीनं सोडलेली सूट

१९३७ साली खांडबारा स्टेशनात गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर सुईण हाजराबी आणि तिची शेजारीण रमिलाबाई बोलत होत्या.

“गावच्या कमिटीनं तुले कशाले बलावलं व्हतं, हाजराबी?”

“पोरांवर हात उचलला का दंड, असा ठराव व्हता. मी इचारलं, जन्मल्याबरोबर पोर रडलं नही, तर मी चापट मारते. मले बी दंड शे का?”

“मंग?”

“प्रेशिडंट म्हने, सुईणीले सूट. लगेच मास्तर उठला, ‘मले बी सूट द्या.’ ज्याच्या छडीनं मन्ह्या नातवाचं, अजीजचं बोट सुजलं, तोच! मंग समदे बाप उठले.”

“अरे देवा! मंग दंड कोनाले?”

“तेच! मी म्हटलं, मन्ही सूट खोडा. मी दंड भरीन, पन पोराले रडवीन. आता बोला.”

“मंग काय झालं?”

“उठलेले समदे खाली बसले. सुईणीनंच सूट सोडली, मंग बाकीचे कोन्या तोंडानं मागतील? ठराव पास!”

“मास्तर चिडला आसंल.”

“मन्ह्या घरी आला. म्हने, छडी गेली, आता पाढे कसे शिकवू?”

“तू काय सांगितलं?”

“म्हटलं, आधी तुमी पाठ करा.”