चेसीवरची दोन भोकं

नाय शेट, तिथं नाय बसवायचा — व्हय, दिसतायत की मला भोकं, डोळे हायत — पण दोन भोकं तयार हायत म्हणून फिल्टर तिथंच टांगायचा असं थोडंच हाय? कुणी पाडली म्हंजे? आता मला काय ठाऊक! असंल कुणीतरी मेकॅनिक, पेणच्या ह्या रामवाडीत काय कमी गॅरेजं हायत? बसा तुम्ही, त्या टायरवर बसा. तुम्हाला ट्रकचा ऑइल फिल्टर इंजिनावरनं काढून बाहेर चेसीवर हवाय, बरोबर? बदलताना हात भाजतो, ऑइल सांडतं — कबूल. काम सोपं हाय. इंजिनाला एक प्लेट, दोन पाइप, एक ब्रॅकेट, झालं. अवघड असते ती जागा. लई खाली घेतला तर दगड लागतो, चाकामागं घेतला तर चिखल बसतो, सायलेन्सरजवळ घेतला तर पाइप भाजतो — ते सगळं सांभाळता येतं. पण ड्रायव्हर साइडला नाय देणार मी. डावीकडं, क्लीनर साइडला देतो. पाइप लांब लागंल, लागू दे.

का म्हंजे? असं बघा — तुम्ही रोह्याला चाललात, मधी गाडी कडेला घेतली — डाव्या अंगालाच घेणार ना? — आणि उतरून फिल्टर बघायला वाकलात. आता सांगा, तुमची पाठ कुठं हाय? रस्त्यावर! अख्ख्या हायवेकडं पाठ. तोच फिल्टर डावीकडं असता तर पाठीशी भाताचं शेत असतं. एवढंच हाय ते, शेट, काय मोठी विद्या नाय, कुणालाही सुचंल. मलाच नाय सुचली.

नाय, काय नाय... बरं, व्हय. मीच पाडलीत ती भोकं. गाडी आत घेतलीत तेव्हाच ओळखली, निळ्यावर तुम्ही हिरवा रंग मारलात तरी. कासूच्या दत्तात्रेयची गाडी ही, माझा थोरला चुलतभाऊ. खांदा धरलेला त्याचा, इंजिनात हात जायचा नाय, म्हणून चार महिने मागं लागलेला — पुंडल्या, तेवढा फिल्टर बाहेर काढून दे रे. आणि आणली कधी गाडी? गणपतीच्या आधी आठ दिवस, माणगावला न्यायच्या मूर्ती भरून! सीझनात रिकामी गाडी मिळते कुठं? आता मूर्ती भरलेली गाडी पेणात कुणी जॅकवर चढवत नाय — पेंढ्यात किती घट्ट बसवा, गाडी कलली की कुठंतरी बोट जातं, सोंड जाते, आणि भंगलेला गणपती कुणाच्या दारात नेणार? डावीकडं घ्यायचा तर पाइप चेसीखालनं पलीकडं न्यायला हवा, त्याला गाडी उचलायला हवी. उद्या रिकामी घेऊन ये, एवढं एक वाक्य बोललो असतो तरी झालं असतं. पण मी म्हटलं, बस दादा, तासाभरात करतो. उजवीकडं उभ्या उभ्या भोकं पाडली, बसवून टाकला. तोही खूश — म्हणे, केबिनमधनं उतरलं की समोरच! तुम्ही मघाशी बोललात ना, तेच. अगदी तेच शब्द.

आणि निघताना मीच सांगितलं त्याला — दादा, नवं काम हाय, वाटेत खांब गावाला थांब, एकदा हात लावून बघ झिरपतं का. आयुष्यात माझं एक ऐकलं नव्हतं त्यानं, शेट. बिडी सोड म्हटलं, नाय. चष्मा लाव म्हटलं, नाय. त्या दिवशी मेल्यानं ऐकलं. खांबला थांबला, उतरला, वाकला. भर दुपार, लख्ख ऊन — मागनं आलेला टेम्पोवाला म्हणाला, वाकलेला माणूस मला दिसलाच नाय.

मी पोचलो तेव्हा लोकांनी त्याला कडेला घेऊन वर गोणपाट टाकलेलं. आणि मी — हे कुणाला बोललो नाय, तुम्हाला का सांगतोय कुणास ठाऊक — मी गोणपाटाकडं गेलोच नाय. पयला गाडीकडं गेलो आणि फिल्टरखाली बोट फिरवलं. कोरडं! थेंब नव्हता. आणि मला बरं वाटलं, शेट. भाऊ तिथं पडलाय आणि मला बरं वाटलं, माझं काम चोख निघालं म्हणून. अर्धा मिनिट असंल, पण वाटलं. मागं पेंढ्यातला एक गणपतीसुद्धा हलला नव्हता.

मग पोलिसांकडनं गाडी सुटल्यावर मीच फिल्टर काढून परत इंजिनावर बसवला. कुणी विचारलंच नाय, डावा का उजवा. टेम्पोवाल्याची चूक ठरली, आणि होतीच त्याची. दादाची बायको, सगुणावहिनी, तर दर वर्षी मला म्हणते, भावजी, तुम्ही एवढी गाडी नीट करून दिलीत, त्यांचंच नशीब फुटकं. आणि मी मान खाली घालून तिच्या हातचा चहा पितो. किती वर्षं... जाऊ द्या.

तुम्हाला काय, गाडी घेऊन देणाऱ्या दलालानं पाठवलं असंल माझ्याकडं. नाय? मग कुणी?

वहिनीनं?

गाडी विकून किल्ली देताना? काय म्हणाली ती — नीट सांगा, जशी बोलली तसंच सांगा.

...पुंडलिकभावजींकडंच न्या. हं. आणखी? ...त्यांनी ह्यांची गाडी जशी करून दिलेली, तशीच करून घ्या.

तशीच.

उठा शेट. उठा त्या टायरवरनं, समोर हॉटेलात जाऊन बसा. काय नाय झालं मला. गाडी रिकामी हाय ना? मग तो जॅक सरकवा इकडं, पाइप पलीकडं न्यायचाय — आणि जा तुम्ही. मी बोलावल्याशिवाय आत येऊ नका.