पालथा डोंगा

बसा, बसा सारे. दाराजवळच्या बायांनो, आत सरका, पान्याचे शितोडे येऊन राह्यले.

पाळकभाऊ म्हने, "चंद्रभागाबाई, तुमी रूथबाईच्या शेजारीन, दोन शब्द बोला." भांडनाले उभं करा मले, चार घरं आयकू जाईल असं बोलते. पन इथी तिचा फोटो ठेवला आहे, त्याच्याशी भांडू कशी? आन तुमच्या ह्या प्रार्थनाघरात मी आज पहिल्यांदा आत आली. इतके वर्सं बाहेरच्या ओट्यावरच बसली. तिची रविवारची प्रार्थना झाली का आमी दोघी मिळून कामावर जावो, म्हनून तिची वाट पाहत बसो मी.

ओट्यावरून सारं आयकू ये. तुमच्यात ती साक्ष असते ना, हप्त्यात देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगाचं. बाकीचे लाजत. रूथबाई सगळ्यात पहिले उभी! विधवा बाई. पोटी लेकरू नाई. धानाच्या चिमूटभर बांध्या. हिच्याजवळ सांगाले काय असावं? पन म्हने, "देवानं ह्या हप्त्यात माहं छप्पर नीट केलं. हालेलुया!" आन आवाज असा, जसं घरी लगन आहे.

मी बाहेर जळो. छप्पर देवानं नीट केलं? अवो, कवेलू फेराले माहा बुढा चढला होता! उतरला तं गुडघे धरून बसला, तेल मी चोळलं. आन नाव कोनाचं? देवाचं! "देवानं मले सुके झिंगे पाठवले." कोनी पाठवले? मी पाठवले, टोपलीत भरून!

एकदा मी भांडलीच. म्हनलं, "रूथ, करतो आमी, आन शाबासकी त्याले?"

तं म्हने, "चंद्रा, तो तुमच्याच हातानं करते ना. म्हनून तं तुमचे हात पाहून मले खुशी वाटते."

आता ह्याच्याशी काय भांडाचं? भांडाले समोरचा मानूस बी चिडाले पाहिजे. ही नुसती हसत राहे.

तं तवा मी तिच्यावर चिडली होती. आज तुमच्यावर चिडली आहे. हो पाळकभाऊ, तुमच्यावर बी.

मघापासून मी आयकून राह्यली. एक भाऊ उठले, म्हने देवानं तिले बोलावून घेतलं. एक बाई उठली, म्हने प्रभूची इच्छा. आमच्या ढिवर मोहल्ल्यातले मच्छी सोसायटीचे अध्यक्ष उठले, ते म्हने तिचं तेवढंच लिहून ठेवलं होतं. काऊन हो अध्यक्षभाऊ? कोनी लिहून ठेवलं? तुमी नाल्यावर नव्हते का त्या दिवशी? मी होती.

सिंदेवाहीवरून पाहुने आले आहेत, त्याईले माहीत नसंल. त्याईले सांगते.

रूथबाईले हिवताप चढला. गोळ्याईनं उतरला नाई. ग्रामपंचायतीच्या फोनवरून सरकारी जीप बोलावली. आन जीप आली बी! पन नाल्याच्या पल्याड. नाला भरला होता. पुलाचे नुसते खांब उभे आहेत तिथी, त्याच्यावर बगळे बसतात. आमी बंडीत खाट टाकून तिले काठावर नेलं. ह्या काठावर आमी, त्या काठावर जीप, मंधात पानी. सकाळी ते पानी नुसतं फुगलं होतं, ओढ नव्हती. ज्याईचा जनम पान्यात गेला, ते डोंग्यातून सहज पार करतात.

आन डोंगा कुठी? तलावाच्या पाळीवर. पालथा.

पाहुने हो, आमच्या गावात रीत आहे. आखाडी झाली का डोंग्याची पूजा कराची, नारळ फोडाचा, आन डोंगा पाळीवर पालथा घालाचा. पोळ्यापर्यंत त्याले पानी दाखवाचं नाई. तवा मच्छी अंड्यावर असते. त्या दिवसात जाळं फिरवलं तं पुढं आमी खाव काय? चांगली रीत आहे. मी बी पाळते. पन ती मच्छीसाठी होती हो! तापानं फनफनलेल्या बाईले नाल्यापार न्याचं नाई, असं त्या रितीत कुठी होतं?

काठावर चर्चा सुरू झाली. एक म्हने, पोळ्याआधी डोंगा सुलटा केला तं मच्छी तलाव सोडून जाते. एक म्हने, सोसायटीले इचारल्याबिगर कसं? एक म्हने, थांबू जरासं, पानी उतरनच. सारे डोंगा चालवनारे! माहा बुढा बी तिथीच उभा. तिच्या छपरावर चढला तो मानूस, पन त्या दिवशी डोंग्याले लावाले त्याचा हात उठला नाई. इथीच बसला आहे तो खांबाजवळ, मान खाली घालून. तुमी नका पाहू त्याच्याकडं. मी पाहून राह्यली तेवढं पुरे.

पानी उतरलं नाई. वरती पाऊस झाला, दुपारी नाल्याले ओढ सुटली. मंग डोंगा आनून बी फायदा नव्हता.

मी तिच्या उशाशी बसली होती. ती डोळे उघडून गर्दी पाहे. म्हने, "चंद्रा, केवढे लोक आले वं माह्यासाठी. देवानं केवढं केलं."

माहं डोस्कं फिरलं. मरनाऱ्या बाईसंग कोनी असं बोलते का? मी बोलली. म्हनलं, "केवढं केलं! मंग एक डोंगा नाई देता आला तुह्या देवाले?"

ती हसली. ओठ सुकले होते, तरी हसली. म्हने, "त्यानं तं डोंगा देल्ला होता, चंद्रा. तुमी पालथा घालून ठेवला."

रागानं नाई म्हनली हो. रागानं म्हनली असती तं मी भांडून मोकळी झाली असती. मंग तिनं माहा हात हातात घेतला, आन दिवस बुडाच्या आत ती गेली.

म्हनून सांगते, हे तिच्या देवाच्या माथी मारू नका. आपन केलेलं चांगलं ती बाई जनमभर देवाच्या नावानं सांगत गेली. मले राग ये. पन खरं सांगू? ते आयकून पुढच्या बारीले टोपलीत मूठभर झिंगे जास्तच पडत. तिच्या खुशीपायी हात आपोआप चाले. आन तुमी काय करून राह्यले? आपन जे केलं नाई, ते देवाच्या नावावर टाकून मोकळे! हे तुमच्या कोनत्या वचनात बसते, पाळकभाऊ?

आता शेवटी सारे जन गप उभे राहतात ना? राहू. पन इथी नाई. पोळा अजून दूर आहे. नाला अजून भरला आहे. गावात भरल्या दिवसाच्या पोरी आहेत, कोनाले कवा कळा सुटतील सांगता येत नाई. चला तलावावर. डोंगा सुलटा करू, खांद्यावर घेऊ आन नाल्याच्या काठी नेऊन ठेवू. मच्छीले काय सांगाचं ते मी सांगीन. डोंगा खांद्यावर आहे तवपर्यंत कोनी बोलाचं नाई. तिच्यासाठी गप राहाचं ते तवाच राहू.

अवो, खांबाजवळून तुमी काऊन उठले? माहं बोलनं संपलं नाई अजून. बरं, जा. व्हा पुढं. तुमच्या खांद्याबिगर डोंगा उचलला जात नाई.

रूथ, मले तुह्यासारखी साक्ष देता येत नाई. पन पुढच्या रविवारी इथी कोनी ना कोनी उभं राहून सांगन, का देवानं नाल्यावर डोंगा आनला. सांगू दे त्याईले. मी ओट्यावरून आयकीन. ह्या बारीनं भांडनार नाई.

येतो आमी, बाई.