गुलछडीचा पाय

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा! एखादी गोष्ट फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, आणि गप्प बसण्यात आपला फायदा आहे — तर तोंड उघडायचं का? ... माना डोलावताय! अहो, देवळात सगळेच डोलावतात!

ऐका मग. आपल्या शहरात घोड्यांच्या शर्यतीची तीन मैदानं होती. पहिलं नदीकाठी — तिथं भुसार पेठ आली. दुसरं स्टेशनामागं — तिथं रूळ पडले. आणि तिसरं? अहो, त्याच्यावरच बसलाय तुम्ही! ह्या सतरंजीखाली! आता सकाळी ह्या देवळाभोवती गोल गोल कोण फिरतं? साखरेचा त्रास असलेली माणसं! घोडे बरे हो — फिरताना जावयाचा पगार तरी सांगत नसत!

तर ह्या तिसऱ्या मैदानावर तायाप्पा शेलार नावाचा मोतद्दार होता. घोड्याचं दाणापाणी, खरारा, सगळं त्याच्याकडे. आजा पहिल्या मैदानावर राबला, बाप दुसऱ्यावर, हा तिसऱ्यावर. पण तीन पिढ्यांत यांच्या हातचा घोडा एकदाही पहिला आला नाही! जिंकलेल्या घोड्याचा फोटो निघे, त्यात लगाम धरून मोतद्दार उभा राही. तायाप्पाला तो फोटो हवा होता. एवढंच! पाप आहे का हे? नाही! पण हाव लहान असली म्हणून कमी चावते का?

मैदान मोडून प्लॉट पडणार, असं ठरलं. शेवटच्या शर्यतीचा दिवस उजाडला. तायाप्पाची घोडी गुलछडीच जिंकणार, असं सगळं शहर म्हणत होतं. सकाळी खरारा करताना त्याचा हात तिच्या पुढच्या पायावर गेला — आणि थबकला! नळी गरम! घोडी लंगडत नव्हती, डोळ्याला काही दिसत नव्हतं. पण हाताला कळलं — आत हाड दुखावलंय!

मग काय! उठतो, बसतो. गार पाण्याच्या पट्ट्या लावतो, पुन्हा हात लावतो — गरमच! दारापर्यंत जातो, परत येतो. बायको गोदाक्का भाकरी घेऊन आली.

"काय झालंय तुमास्नी? एका जागी बुड टेकंना!"

"काय न्हाई!"

भाकरी तशीच राहिली.

दुपारी जॉकी आला, मायकेल. मांड टाकता टाकता त्यानं विचारलं, "तायाप्पा, घोडी ठीक आहे ना?"

बघा! देव अजून संधी देतोय!

"ठीक हाय," तायाप्पा म्हणाला.

घोडी निघाली. जाताना मान वळवून तिनं त्याच्याकडं पाहिलं. जनावर ते — रोज बघायची तसंच बघितलं! आणि तिथंच त्याचं काळीज फाटलं. कठड्याखालून घुसला, धावत सुटला! घोडे रांगेत, निशाणवाल्याचा हात वर — आणि हा मधोमध! लगाम धरला.

"उतरा सायेब! पाय गरम हाय तिचा! मी खोटं बोललो!"

काय बोंब उठली! लोकांनी चपला भिरकावल्या. घोडीचे मालक आले, लालबुंद.

"आधी का नाही बोललास?"

"फोटूसाठी, मालक."

घोड्यांच्या डॉक्टरांनी नळी दाबून पाहिली. म्हणाले, "अर्धी फेरी पळाली असती तर मोडला असता पाय." आणि पाय मोडलेल्या घोड्याला काय मिळतं, मंडळी? गोळी!

शर्यत गुलछडीवाचून झाली. मालकांनी तायाप्पाला त्याच दिवशी काढलं. "लंगडी घेऊन काय करू? ने तुझी तूच!" म्हणाले. तिला घेऊन, थांबत थांबत, तो सासुरवाडीला गेला. तिथं ती बारा वर्षं जगली. पाहुणेरावळे त्याची वाहवा करत. तो मात्र दरवेळी म्हणे, "आदी 'ठीक हाय' म्हनलो हुतो, त्ये बी सांगा!"

आता तुमच्याकडं वळतो. घड्याळात काय बघता? तुमच्या घरात कुणीतरी मुकाट राबतंय. सून असेल, म्हातारा बाप असेल. त्याला काय होतंय ते तुम्हाला कळलंय! पण घरात कार्य निघालंय, चार लोकांत मिरवायचंय — म्हणून आपण म्हणतो, काही नाही, बरं आहे!

उचला टाळ, नाम घ्या मोठ्यानं! पण घरी गेलात की त्या माणसाजवळ बसा, विचारा, "दुखतंय का?" — आणि उत्तर येईपर्यंत उठू नका!