घोडेवाल्या गाडीचा टिका

आमी मूळचे नेरचे, पण अब्बा लगन व्हाच्या आंधीच पांढरकवड्याले आला, कारण हैदराबाद रोड, ट्रकच ट्रक, अन् ट्रक आला का रंगवणारा लागतेच. ट्रकच्या मागच्या फाळक्यावर दुसरे पेंटर मोर काढत, कमळ काढत, अब्बा मात्र एकच काढे, थे अमेरिकेची मस्टँग गाडी, जिच्या तोंडावर पळता घोडा राह्यते. कोण्या ड्रायव्हरनं जवानीत फोटो देल्ला अन् बस, माणूस येडा झाला. माय म्हणे, निका माह्यासंग लावला अन् संसार थ्या गाडीसंग केला.

काय सांगू तुमाले ताई, आमच्या घरातली वयं थ्या गाडीवरूनच मोजतात. पयली निंगाली, लांब नाक, आखूड बूड, गोल डोळे, तवा अब्बाले मिसरूड नव्हतं फुटलं. मंग थे फुगली, मंग येकदम लहान झाली. मी झाली तवा चौकोनी, साबनाच्या डब्यावानी. अब्बा रुसला. ड्रायव्हर म्हणे चाचा आता हेच चालते, तर अब्बा म्हणे मंग तू मोर काढून घे. त्याच्यानंतर गोल झाली, अन् मंग कंपनीले अक्कल आली, जुनंच तोंड नव्या अंगावर बसवलं. पण तवापर्यंत अब्बाचे डोळे गेलते. मीनं फोटो पाहून सांगतलं, मागचे लाल दिवे तीन-तीन उभे, पयल्यासारखेच, तर बुढा पोरावानी रडला.

ब्रश मंग माह्या हातात आला. नवरा म्हणे बाई असून ट्रकवर चढते, म्हटलं चढते, तू खालीच राह्य, अन् निंगून आली. तर मी काय सांगत होती, हा, टिका. आमच्यात गाडी रंगवून झाली का पेंटर मागच्या बाजूले अंगठ्यानं काळा टिका लावते, नजर लागू नये म्हणून. काळ्या रंगाची डबी अब्बाच्या खिशात असेच, डोळे गेले तरी.

मागच्या उन्हाळ्यात रोडवरच्या लॉनवर लगन होतं, नवरदेव नागपूरचा, अन् गाडी कोणती, तर थेच! खरी! लाल! मी अब्बाचा हात धरून पळतच नेलं. ड्रायव्हर भला होता, म्हणे लाव बाबा हात. अब्बानं घोडा चाचपला, नाकावरून हात फिरवत मागपर्यंत गेला, दिवे मोजले, हासून राह्यला होता. अन् मी पाहतपर्यंत डबी काढून टिका लावून देल्ला. ऑइल पेंटचा, ताई! आपल्या ट्रकले लावते तसा!

नवरदेवाचे दोस्त आले. आंधी अब्बाले त्याच्याच सदऱ्यानं टिका पुसाले लावलं, उघड्या अंगानं, वऱ्हाडी मोबाईल धरून उभे. मी पाया पडून राह्यली होती. मंग येका पोट्ट्यानं गोड आवाजात विचारलं, बाबा, कोणत्या हातानं लावला? अब्बाले वाटलं लग्नाचं घर आहे, मिठाई देत असन. त्यानं उजवा हात पुढं केला. पोट्ट्यानं थो धरून गाडीच्या दाराच्या फटीत ठेवला अन् दार लोटून देल्लं. नवरदेव म्हणे आटपा बे, मुहूर्त टळून राह्यला. बँड वाजतच होता, मुडदे!

दवाखान्यात नेताना ऑटोत अब्बा विचारते, दार लांब आहे न बेटी? दोनच दारं, म्हणून लांब. मले असा राग आला का त्याचंच तोंड दाबावं वाटलं.

आता बोटं वळत नाहीत. बाजेवर बसते, चहा मी पाजते. ड्रायव्हर अजून घोडेवाली गाडीच मांगतात, नवीन आली थे, बारीक डोळ्याची. काढते, काहून नाही काढणार, पोट आहे. अब्बा म्हणे, गाडीचा काय कसूर, अल्ला त्या पोट्ट्याइलेबी सुखी ठेवो. ठेवो बापा. चित्र पुरं झालं का बाजेवरून विचारतेच, बेटी, टिका लावला?

हो अब्बा, लावला, म्हणते मी. डबी मीनं कवाचीच नालीत फेकली.